बुरशीविरोधी औषधांच्या प्रवर्तक एलिझाबेथ हेझन

मानवी शरीरातील बुरशीजन्य संसर्गावर परिणामकारक आणि सुरक्षित असे पहिले प्रतिजैविक शोधण्याचे श्रेय अमेरिकेतील दोन महिला शास्त्रज्ञांना जाते. त्यांपैकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ एलिझाबेथ ली हेझन यांचा जन्म २४ ऑगस्ट १८८५ रोजी मिसिसिपी राज्यातील रिच या गावी झाला. वयाची चार वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच त्यांच्या आईवडिलांचे निधन झाले आणि काका-काकूंनी त्यांचा सांभाळ केला.

१९१० मध्ये पदवी संपादन केल्यानंतर हेझन यांनी काही काळ शाळेत अध्यापन केले. पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून १९२७ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षाच्या सुमारास, त्यांनी सूक्ष्मजीवशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. १९३१ मध्ये त्या न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य विभागाच्या प्रयोगशाळेत रुजू झाल्या.

१९४० च्या दशकात पेनिसिलिनसारख्या औषधांमुळे जिवाणूजन्य आजार आटोक्यात येऊ लागले. मात्र ही औषधे शरीरातील उपयुक्त जिवाणूही नष्ट करीत असल्याने बुरशीला मोकळे रान मिळू लागले. बुरशीच्या पेशींची रचना मानवी पेशींशी बरीच मिळतीजुळती असते. त्यामुळे रुग्णाला अपाय न करता बुरशी मारणारे औषध शोधणे अतिशय कठीण होते.

हे आव्हान हेझन यांनी रसायनशास्त्रज्ञ रेचल फुलर ब्राऊन यांच्या सहकार्याने स्वीकारले. हेझन न्यूयॉर्क शहरात, तर ब्राऊन सुमारे २४० किलोमीटर दूर ऑल्बनी येथे कार्यरत होत्या. हेझन मातीच्या नमुन्यांतून सूक्ष्मजीव वेगळे करून त्यांची कॅन्डिडा आणि क्रिप्टोकॉकस या दोन बुरशींवर चाचणी घेत. उपयुक्त वाटणारे नमुने बरण्यांत भरून टपालाने ऑल्बनीला पाठवले जात. ब्राऊन त्यांतील क्रियाशील द्रव्य वेगळे करून पुन्हा टपालानेच परत पाठवीत. बहुतेक द्रव्ये प्राण्यांसाठी विषारी ठरली.

१९४८ मध्ये व्हर्जिनिया राज्यातील नौर्स या स्नेह्यांच्या शेतातून हेझन यांनी आणलेल्या मातीत हवा तो सूक्ष्मजीव आढळला. त्याला स्ट्रेप्टोमायसिस नौर्सी असे नाव देण्यात आले. या शोधाची घोषणा १९५० मध्ये झाली आणि न्यूयॉर्क राज्याच्या नावावरून औषधाचे नामकरण निस्टॅटिन असे करण्यात आले. या औषधाच्या रॉयल्टीपोटी मिळालेली १ कोटी ३० लाख डॉलरहून अधिक रक्कम दोघींनी स्वतःसाठी न ठेवता वैज्ञानिक संशोधनासाठी दिली.

निस्टॅटिनला एक मर्यादा होती. तोंड, त्वचा आणि आतड्यातील संसर्गावर ते गुणकारी ठरले, परंतु रक्तात किंवा मेंदूपर्यंत पोहोचलेल्या बुरशीवर त्याचा उपयोग नव्हता. ही उणीव १९५० च्या दशकाच्या मध्यात शोधल्या गेलेल्या, त्याच कुळातील ॲम्फोटेरिसिन बी या औषधाने भरून काढली. २०२१ मध्ये भारतात म्युकरमायकोसिस, म्हणजेच काळ्या बुरशीची साथ पसरली, तेव्हा याच औषधासाठी रुग्णांच्या नातेवाइकांना वणवण करावी लागली होती.

हेझन यांचे जून १९७५ मध्ये सिएटल येथे निधन झाले. त्यानंतर औषधांना दाद न देणाऱ्या बुरशींची समस्या अधिक तीव्र झाली आहे. फ्लुसायटोसिन हे औषध एकटे दिल्यास बुरशी त्याला लवकर सरावते. ॲम्फोटेरिसिनच्या जोडीने दिल्यास मात्र चित्र बदलते. ॲम्फोटेरिसिन बुरशीच्या पेशीचे आवरण कमकुवत करते, तर फ्लुसायटोसिन पेशीच्या आत शिरून तिची वाढ रोखते. क्रिप्टोकॉकसमुळे होणाऱ्या मेंदूच्या आवरणाच्या दाहात या जोडीने मृत्यूंचे प्रमाण घटते, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हिएतनाममधील चाचणीत दिसून आले. एचआयव्हीबाधित रुग्णांमधील याच आजारासाठी २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ॲम्फोटेरिसिनची एकच मोठी मात्रा आणि त्यासोबत फ्लुसायटोसिन व फ्लुकोनॅझोल अशा तीन औषधांच्या एकत्रित उपचाराची शिफारस केली.

त्याच वर्षी संघटनेने घातक बुरशींची पहिली प्राधान्य यादी जाहीर केली. हेझन यांनी आपल्या चाचण्यांसाठी निवडलेल्या कॅन्डिडा आणि क्रिप्टोकॉकस या दोन्ही बुरशींचा समावेश त्या यादीतील सर्वाधिक गंभीर गटात आहे.