राहिलेलं चित्र आणि लक्ष्मणराव किर्लोस्कर



स्मरणिकेसाठी आपल्या भागातल्या एखाद्या थोर माणसाविषयी लिही, असं संपादक मंडळानं सांगितलं, तेव्हा मी लगेच लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव घेतलं. लग्न होऊन मी साताऱ्याला गेले. रेल्वेनं सांगलीला माहेरी यायचं तर कराड, ताकारी मागं पडलं की किर्लोस्करवाडी लागतं. ती पाटी दिसली की मी पिशव्या आवरायला घेते. या स्टेशनाला ज्यांचं नाव आहे, ते मुळात चित्रकार व्हायला निघाले होते, हे आपल्या चित्रकलेच्या सरांनी वर्गात सांगितलं होतं. तेवढं मात्र माझ्या कायमचं लक्षात राहिलं.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. शाळेच्या अभ्यासात मन रमेना. जीव चित्रांत आणि यंत्रांत. चित्रकला शिकायला मुंबईला जाणं वडिलांना पसंत नव्हतं, पण थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले. लक्ष्मणराव जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. दोन वर्षं शिकल्यावर कळलं, की त्यांना काही रंग नीट ओळखताच येत नाहीत. डोळ्यांतच दोष. चित्रकार व्हायचं स्वप्न तिथं संपलं.

पण त्यांनी पेन्सिल खाली ठेवली नाही. यंत्रांच्या आराखड्यांना रंग लागत नाहीत, लागते ती अचूक रेघ. ते यांत्रिक आरेखन शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. सोबत १८८८ पासून बेळगावात सायकलींचा धंदा चालू केला. ते मुंबईहून सायकली पाठवायचे, रामूअण्णा त्या विकायचे आणि लोकांना चालवायलाही शिकवायचे. स्वतःचा कारखाना हे दुसरं स्वप्न, पण पोटासाठी ते मागं ठेवावं लागलं. पुढं बढतीच्या वेळी डावललं गेलं, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावला आले.

तिथं कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर तयार होऊ लागले. लोखंडानं जमीन नासते, विषारी होते, अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. जरा जम बसतोय तोवर नगरपालिकेनं वसाहतीसाठी कारखान्याची जागा सोडायला सांगितली. पुन्हा सगळं मुळापासून सुरू.

या वेळी मदतीला आले औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी. औंध म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातलं यमाईचं गाव. राजेसाहेब स्वतः चित्रकार. पुढं त्यांनी औंधला उभारलेलं चित्रसंग्रहालय आपल्यापैकी अनेकांनी सहलीत पाहिलं असेल. त्यांनी लक्ष्मणरावांना कुंडल रोड स्टेशनाजवळची जमीन दिली आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. ही जमीन औंध संस्थानातली, आज सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यात येते. ३२ एकरांचा तो माळ निवडुंगानं भरलेला, सापांनी गजबजलेला होता. १० मार्च १९१० रोजी तिथं किर्लोस्करवाडी सुरू झाली. लक्ष्मणराव तेव्हा चाळिशीत होते.

पुढचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. नांगर, उसाचे चरक, पंप. माळावर गाव वसलं, शाळा आली. तुरुंगात शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर विश्वास टाकून त्यांनी रात्रीची राखण त्यांच्याकडे दिली. पुतणे शंकरराव चित्रकला शिकून आले. त्यांनी १९२० साली वाडीतूनच मासिक काढलं. काकांच्या हातून सुटलेला रंग घरात असा परत आला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. जन्मशताब्दीला, १९६९ साली, टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं.

आता थोडं माझं. तुम्हाला आठवत असेल, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा मी पास झाले होते. पुढं घरची परिस्थिती, नोकरी, संसार, मुलांची शिक्षणं. चित्रं निवृत्तीनंतर काढू, असं म्हणत राहिले. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. रंगपेटी आणली, ती कपाटात तशीच होती.

गेल्या महिन्यात स्मरणिकेच्या बैठकीसाठी सांगलीला आले. बैठकीनंतर आपल्या एका मैत्रिणीनं घरी जेवायला नेलं. सरही आले होते. तिच्या धाकट्या दिरानं सकाळीच कृष्णेतली ताजी चिलापी आणली होती. बेत साधाच: कांदा-लसूण चटणी आणि चिंच घातलेला रस्सा, तव्यावर परतलेले तुकडे, ज्वारीची भाकरी, भात. ती मासे साफ करायला बसणार, एवढ्यात सरांनी मला विचारलं, की हल्ली काही काढतेस का? मी वेळ मिळत नसल्याचं सांगून मोकळी झाले. सर काही बोलले नाहीत. मलाच मात्र या लेखासाठी वाचलेलं सगळं आठवलं. लक्ष्मणरावांना डोळ्यांनी अडवलं, तरी हात चालूच राहिला. माझे डोळे शाबूत, हात शाबूत. निदान गेली दोन वर्षं तरी मला कुणी अडवलं होतं?

मैत्रिणीला थांबायला सांगितलं. वाण्याच्या यादीचा कोरा मागचा भाग आणि तिच्या नातवाची पेन्सिल घेतली आणि परातीतला एक मासा काढू लागले. हात थरथरत होता. कल्ल्याची रेघ तीनदा खोडली. सरांनी चष्मा पुसून पाहिलं आणि पाठीवरचा पर चुकलाय म्हणून बोट ठेवलं, अगदी वर्गात ठेवायचे तसं. मी तो पुन्हा काढला. त्या दिवशी जेवायला तासभर उशीर झाला. रस्सा मात्र फार छान झाला होता.

तो कागद सरांनी ठेवून घेतलाय. साताऱ्याला परत येताना किर्लोस्करवाडीचं स्टेशन गेलं, तेव्हा पिशवीच्या तळातून वही काढली आणि फलाटाच्या चार रेघा मारल्या. गाडी हलली, चित्र अर्धं राहिलं. पुढच्या खेपेला पुरं करीन. स्नेहमेळाव्याला येताना वही आणणार आहे. तुम्हीही जे काही राहिलंय ते घेऊन या. मासे आहेतच.