मी जेरोनिमो बोलतोय

मी जेरोनिमो. अमेरिकेतल्या अपाची या आदिवासी जमातीचा. माझं खरं नाव गोयाथ्ले, म्हणजे जांभई देणारा. हसलात ना? जेरोनिमो हे नाव मला मेक्सिकोच्या लोकांनी दिलं.

माझा जन्म सुमारे १८२९ साली हीला नदीच्या उगमाजवळ झाला. आम्ही मका आणि भोपळे पिकवायचो, शिकार करायचो. डोंगर आणि नदी हेच आमचं घर.

१८५१ साली मेक्सिकोत हानोस गावाबाहेर आमचा तळ होता. आम्ही पुरुष गावात व्यापाराला गेलो होतो. मागून सैनिक आले. परत येऊन पाहतो तर माझी आई, बायको आणि तिन्ही लेकरं मारलेली! मनात सूड पेटला. मीही पुष्कळ हल्ले केले. त्यात निरपराध माणसंही मेली, हे मी लपवत नाही.

पुढे अमेरिकेचे गोरे लोक आले. खाणी आल्या, सैन्य आलं. १८७१ साली कॅम्प ग्रँट इथे सैन्याच्या आसऱ्याला आलेल्या अपाचींवर पहाटे हल्ला झाला. मेलेल्यांत बहुतेक बाया आणि मुलंच. शंभर जणांवर खटला झाला, पण सगळे निर्दोष सुटले!

आम्हाला सॅन कार्लोसच्या राखीव जागेत कोंडलं. मी पुन्हा पुन्हा पळालो. शेवटी आम्ही चाळीसेक माणसं आणि मागे पाच हजार सैनिक! ४ सप्टेंबर १८८६ रोजी मी शरण गेलो. आगगाडीने आम्हाला दूर फ्लोरिडात नेलं. सैन्याला वाट दाखवणाऱ्या अपाचींनाही कैद झाली. पुष्कळ लोक आजाराने दगावले. मुलांना लांबच्या शाळेत धाडलं, त्यांचे केस कापले, आपली भाषा बोलायला बंदी केली.

१९०५ साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या मिरवणुकीत मला घोड्यावर बसवलं. मी त्यांना एकच मागितलं, आम्हाला घरी जाऊ द्या. ते नाही म्हणाले. १७ फेब्रुवारी १९०९ रोजी ओक्लाहोमात मी कैदी म्हणूनच वारलो.

माझ्या लोकांची सुटका व्हायला १९१३ साल उजाडलं. म्हणजे २७ वर्षं! कैदेत जन्मलेली बाळंसुद्धा कैदीच होती. सुटले, तरी मूळ घर काही परत मिळालं नाही. २०११ साली तर एका अतिरेक्याला मारण्याच्या मोहिमेत अमेरिकेच्या सैन्याने माझं नाव खुणेचा शब्द म्हणून वापरलं. माझ्या लोकांना फार वाईट वाटलं.

माझी कबर अजून ओक्लाहोमातच आहे. हीला नदी तिथून फार लांब. मुलांनो, तुमच्या गावची नदी किंवा ओढा तुम्हाला रोज दिसतो. तो बघाल तेव्हा माझी आठवण काढा. येतो मी.

— इयत्ता सातवी