झाकीर साहेबांनी अलिगड सोडलं, आणि पुढे तेच अलिगड सावरलं

बारावीचा निकाल लागला की आपल्याकडं एरंडोल, धरणगाव, पारोळा या गावांतल्या घराघरांत एकच विषय असतो. मुलाला किंवा मुलीला कुठं घालायचं? जळगावला, पुण्याला, की थेट अलिगड किंवा जामियाला? मग घरात नाहीतर मोहल्ल्यात कुणीतरी जुने पदवीधर असतात. ते तीस वर्षांपूर्वी तिथं शिकलेले असतात. ते म्हणतात की आता तिथं काही राहिलं नाही, आमच्या वेळची गोष्टच वेगळी होती. एवढ्या एका शब्दावर मुलांचा फॉर्म भरायचा राहून जातो. विशेषतः मुलींचा.

जुन्या विद्यार्थ्याला आपल्या विद्यापीठाचा निवाडा करायचा हक्क आहे का, आणि असला तर किती? हा प्रश्न आम्हाला मरहूम डॉ. झाकीर हुसेन साहेबांच्या आयुष्यात सगळ्यात स्वच्छ दिसतो. ते भारताचे तिसरे राष्ट्रपती होते हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्यांचं आणि अलिगडचं नातं किती अवघड होतं, हे आपल्या मुलांना फारसं कुणी सांगत नाही.

झाकीर साहेबांचा जन्म 8 फेब्रुवारी 1897 चा, हैदराबादचा. घराणं कायमगंजचं, पठाणांचं. दहा वर्षांचे असताना वडील गेले. 1911 मध्ये प्लेगने आई गेली. इटाव्याच्या इस्लामिया हायस्कूलमध्ये शिकून ते अलिगडच्या एम.ए.ओ. कॉलेजात आले. सर सय्यद अहमद खान यांनी उभारलेलं हे कॉलेज त्या काळी मुस्लिम तरुणांचं सगळ्यात मोठं स्वप्न होतं.

ऑक्टोबर 1920 मध्ये महात्मा गांधी आणि अली बंधू अलिगडला आले. खिलाफत आणि असहकाराची चळवळ जोरात होती. कॉलेजने इंग्रज सरकारचं अनुदान नाकारावं, अशी त्यांची मागणी होती. मौलाना मोहम्मद अली जौहर स्वतः याच कॉलेजचे जुने विद्यार्थी. त्यांना शिकून जाऊन वीस वर्षांहून जास्त काळ लोटला होता. त्यांच्या मते कॉलेज सरकारच्या दावणीला बांधलं गेलं होतं. समोर प्राचार्य होते डॉ. झियाउद्दीन अहमद, तेही अलिगडचेच जुने विद्यार्थी. त्यांना वाटत होतं की अनुदान गेलं तर सर सय्यदांची सगळी मेहनत मातीत जाईल. दोघं एकाच अंगणात वाढलेले, दोघांचंही त्या जागेवर प्रेम, आणि निवाडा मात्र एकमेकांच्या उलट. यावरून एक गोष्ट कळते. जुना विद्यार्थी म्हणतो म्हणून ते खरंच, असं धरून चालत नाही.

विश्वस्तांनी मागणी फेटाळली. तेव्हा 29 ऑक्टोबर 1920 रोजी अलिगडमध्येच मौलाना महमूद हसन यांच्या हस्ते जामिया मिल्लिया इस्लामियाची पायाभरणी झाली. 23 वर्षांचे झाकीर हुसेन कॉलेजातून बाहेर पडून जामियात गेले. त्यांनीही आपल्या संस्थेचा निवाडा केला होता, आणि तो कडक होता. पण नुसती नावं ठेवून ते घरी बसले नाहीत. जे कमी वाटलं ते दुसरीकडं उभं करायला निघाले.

पुढे ते जर्मनीला गेले, बर्लिनला अर्थशास्त्रात डॉक्टरेट केली. इकडे 1924 मध्ये तुर्कस्तानात खिलाफतच संपली आणि जामियाला मिळणारा पैसा आटला. संस्था बंद करावी असं बोललं जात होतं. 1925 मध्ये हकीम अजमल खान साहेबांनी ती दिल्लीत करोल बागेत आणून जगवली. 1926 मध्ये झाकीर साहेब परतले. सोबत डॉ. आबिद हुसेन आणि मोहम्मद मुजीब होते. पुढच्याच वर्षी हकीम साहेबांचं निधन झालं. तेव्हा जामियाच्या शिक्षकांनी वीस वर्षं सेवा करण्याची आणि महिना दीडशे रुपयांपेक्षा जास्त पगार न घेण्याची शपथ घेतली. झाकीर साहेबांनी ती पुरी निभावली. याच दिवसांत त्यांनी लहान मुलांसाठी उर्दूत गोष्टी लिहिल्या. त्यातली अब्बू खाँच्या बकरीची गोष्ट आपल्या उर्दू शाळांत शिकलेल्यांना आठवत असेल.

1937 मध्ये ते आपल्या महाराष्ट्रातही आले. भुसावळहून नागपूरकडे जाणाऱ्या गाडीला लागणाऱ्या वर्ध्याला गांधीजींनी शिक्षण परिषद भरवली होती. तिथून निघालेल्या नई तालीमच्या समितीचे अध्यक्ष झाकीर साहेब होते. मातृभाषेतून शिक्षण आणि हाताला काम देणारं शिक्षण हा त्या अहवालाचा गाभा होता.

मग आली 1947 ची फाळणी. जालंधर स्टेशनवर झाकीर साहेबांचा जीव थोडक्यात वाचला. अलिगडची अवस्था तर त्याहून बिकट. कितीतरी शिक्षक आणि विद्यार्थी पाकिस्तानला निघून गेले होते. फाळणीच्या चळवळीशी नाव जोडलं गेल्यानं देशभर संशयाची नजर होती. विद्यापीठ टिकेल की नाही, हीच शंका होती. अशा वेळी 1948 मध्ये झाकीर साहेबांना तिथलं कुलगुरूपद घ्यायला सांगण्यात आलं.

28 वर्षांपूर्वी ज्या संस्थेला ते सोडून गेले होते, तिला संकटात बघून ते मी म्हटलंच होतं असं म्हणू शकले असते. जुन्या माणसाला हे वाक्य फार गोड लागतं. पण त्यांनी 1920 च्या अलिगडचा राग 1948 च्या अलिगडवर काढला नाही. समोर असलेली पोरं वेगळी, त्यांची भीती वेगळी, हे त्यांनी जाणलं. 1956 पर्यंत ते तिथं राहिले. चांगले शिक्षक जमवले, विद्यार्थ्यांचा धीर परत आणला आणि विद्यापीठ स्वतंत्र भारतात उभं राहील एवढं केलं. त्यांच्याच काळात 1951 मध्ये विद्यापीठाच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि सक्तीचं धार्मिक शिक्षण गेलं. यावर समाजात मतभेद झाले, आणि ते होणं साहजिक होतं.

पुढे बिहारचे राज्यपाल, उपराष्ट्रपती, 1963 मध्ये भारतरत्न, 1967 मध्ये राष्ट्रपती. 3 मे 1969 रोजी पदावर असतानाच त्यांचा इंतिकाल झाला. त्यांची कबर दिल्लीत जामियाच्या आवारात आहे.

यातून आपण काय घ्यायचं? आम्हाला वाटतं, जुन्या पदवीधराला बोलायचा हक्क जरूर आहे. संस्थेचा पाया काय होता आणि वचन काय दिलं होतं, हे त्याला ठाऊक असतं. नव्याला ते दिसत नाही. पण आज वर्गात काय शिकवतात, होस्टेल कसं आहे, ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडं असतं, हे तीस वर्षांपूर्वीच्या आठवणीवरून सांगता येत नाही. एरंडोलहून जळगावला जाताना बांभोरीजवळ विद्यापीठ लागतं. ते 1990 मध्ये झालं. त्याआधी इथं शिकलेल्यांची पदवी पुणे विद्यापीठाची. ज्यांनी हे विद्यापीठ आतून पाहिलंच नाही, त्यांनी त्याला वाईट ठरवायचं कसं?

म्हणून पालकांना आमची विनंती आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांचं जरूर ऐका, पण त्याच वेळी सध्या तिथं शिकत असलेल्या दोन मुला-मुलींना फोन करा. जमलं तर स्वतः जाऊन बघून या. आणि आपल्या चाचा-मामूंनाही अदबीनं विचारा, की तुम्ही तिथं शेवटचे कधी गेला होता? उत्तर ऐकून मगच फॉर्म भरायचा की नाही ते ठरवा.