हरिभाऊंची यमू आणि इतिहासाचा तास

हरि नारायण आपटे हे नाव निघाले की ‘गड आला पण सिंह गेला’ आणि ‘उषःकाल’ या कादंबऱ्या आठवतात. पण यंदा नववीच्या मुलामुलींबरोबर आम्ही त्यांचे वेगळे पुस्तक वाचायला घेतले, ‘पण लक्षात कोण घेतो!’ तास मराठीचा होता, पण बघता बघता तो इतिहासाचा झाला. म्हणून या अंकात हरिभाऊंची ओळख करून द्यावी असे आम्हाला वाटले.

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे येथे झाला. आईचे छत्र लहानपणीच हरपले. काका महादेव चिमणाजी आपटे हे मुंबईचे नामांकित वकील. त्यांच्या आधाराने हरिभाऊ वाढले. पुढे ते पुण्यास न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकले. तेथे टिळक, आगरकर अशी मंडळी शिकवीत होती. हरिभाऊंचे संस्कृत आणि इंग्रजी वाचन अफाट होते, पण गणिताशी त्यांचे सूत कधी जुळले नाही. कॉलेजात जाऊनही पदवी मिळाली नाही. परीक्षेच्या निकालाने खचून जाणाऱ्या मुलांनी आणि त्यांच्या पालकांनीही हे ध्यानात ठेवावे.

काकांनी संस्कृत ग्रंथांच्या जतनासाठी पुण्यात आनंदाश्रम ही संस्था काढली. तिची व्यवस्था हरिभाऊंनी सांभाळली. ‘मधली स्थिती’ ही त्यांची पहिली कादंबरी १८८५ मध्ये आली. १८९० मध्ये त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि १९१७ पर्यंत चालवले. नाव करमणुकीचे असले, तरी घराघरांत विचार पोचवणे हा हेतू होता. त्यातच ‘पण लक्षात कोण घेतो!’ क्रमशः छापली गेली आणि १८९३ मध्ये पूर्ण झाली.

या कादंबरीत यमू आपली कहाणी स्वतः सांगते. लहानपणचे खेळ, लवकर झालेले लग्न, सासरचा जाच, मग पतीबरोबर मुंबईत काढलेले थोडे सुखाचे दिवस, आणि पतीच्या मृत्यूनंतर तिचे जबरदस्तीने झालेले केशवपन. वर्गात हा शेवट वाचून झाल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही.

मग आम्ही मुलांना वहीत तीन रकाने आखायला सांगितले. या घरात पैसा कोण मिळवतो? तो कुठे आणि किती खर्चायचा हे कोण ठरवतो? आणि मिळवणारा गेला तर उरलेल्यांचे काय होते? या तीन प्रश्नांनी तीच कादंबरी निराळी दिसू लागली.

यमूला मुंबईत मोकळा श्वास घेता आला, याला पती रघुनाथरावांचा चांगुलपणा कारण होताच. पण नुसता चांगुलपणा पुरला नसता. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि मुंबई पुण्याच्या जवळ आली. शिकलेल्या तरुणांना तेथे नोकऱ्या मिळू लागल्या. महिन्याचा पगार हाती आला, की मोठ्या घरापासून दूर वेगळे बिऱ्हाड करता येई. अशा बिऱ्हाडातच नवऱ्याने बायकोला वाचायला शिकवणे जमू शकले. पुण्याच्या भरल्या घरात ते करणे सोपे नव्हते.

पण तो पगार नवऱ्याचा होता. तो गेला, की पगार थांबला आणि बिऱ्हाडही मोडले. एकत्र कुटुंबात विधवेला पतीच्या वाट्यावर हक्क नव्हता, फक्त पोटापुरते मिळण्याची सोय होती. हिंदू विधवेला पतीच्या मालमत्तेत वाटा देणारा कायदा १९३७ मध्ये आला. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा, म्हणजे यमूच्या कहाणीच्या कितीतरी आधीचा. तरीही यमूला त्याचा उपयोग झाला नाही. ज्याच्या घरात राहायचे, ज्याच्या ताटात जेवायचे, त्याच्या मर्जीविरुद्ध ती जाणार कशी? कायदा कागदावर असणे आणि तो वापरण्याचे बळ हाती असणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे यमूमुळे मुलांना कळले.

आपल्या बडोद्याच्या मुलांना इथे आणखी एक धागा सापडेल. हरिभाऊ लिहीत होते त्याच सुमारास, १८९१ मध्ये, इंग्रज सरकारने संमतिवय दहावरून बारा केले आणि त्यावरून पुण्यात मोठे वादळ उठले. बडोदे संस्थानात श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०४ मध्ये बालविवाहास प्रतिबंध करणारा कायदा केला आणि १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. आपल्यापैकी कितीतरी घरांतल्या पणजीबाईंच्या हाती पाटी आली ती या निर्णयामुळे.

मात्र ही खिडकी एकाच वाड्याची आहे, हेही मुलांना सांगावे लागते. यमूच्या घरातून शेतकऱ्याचे शेत दिसत नाही. ते पाहायचे तर महात्मा फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ वाचला पाहिजे. हरिभाऊंनीही पुढे ‘काळ तर मोठा कठीण आला’ या कथेत दुष्काळाने गांजलेली माणसे रंगवली. एका पुस्तकावरून सारा काळ समजला असे मानू नये.

हरिभाऊंनी पुणे नगरपालिकेच्या कामातही पुष्कळ वर्षे घालवली. १९१२ मध्ये अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. ३ मार्च १९१९ रोजी, पंचावन्नावे वर्ष पूर्ण होण्याआधीच, त्यांचे निधन झाले.

पालकांना आमची एक विनंती आहे. सुट्टीत हे पुस्तक घरी मोठ्याने वाचा. आजी असतील तर त्यांना जवळ बसवा. त्यांच्या आईचे लग्न कितव्या वर्षी झाले, त्या शाळेत गेल्या का, घरातला पैसा कोणाच्या हाती असे, हे मुलांना विचारू द्या आणि लिहून घेऊ द्या. ज्यांनी हे पाहिले-ऐकले ती माणसे आता थोडीच उरली आहेत. मुलांनी आणलेल्या अशा टिपणांसाठी पुढच्या अंकात आम्ही दोन पाने राखून ठेवली आहेत.