बिनतारी संदेशवाहिका नूर इनायत खान

महायुद्धाचा जो इतिहास शालेय पुस्तकांतून मुलांच्या हाती पडतो तो सेनापतींचा व तहांचा असतो. शत्रूच्या मुलखात गुप्तपणे राहून वार्ता पोचविणाऱ्या स्त्रियांस त्यात क्वचितच एखादी ओळ लाभते. यास्तव ज्ञातीतील मुलींसाठी आम्ही यंदा नूर इनायत खान हिचे चरित्र निवडिले आहे. ती आपल्या ज्ञातीची नव्हे, धर्माचीही नव्हे. परंतु तिच्या घराण्याचे मूळ बडोद्याचे आहे.

तिचे वडील हजरत इनायत खान हे बडोद्याचे गवई व सूफी उपदेशक. त्यांचे मातामह मौलाबक्ष यांनी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८८६ साली तेथे गायनशाळा चालू केली होती. आई अमेरिकन. नूरचा जन्म १९१४ साली मॉस्को येथे झाला व ती वाढली पॅरिसनजीक. १९२७ साली वडील निवर्तले, आई शोकाने खचली, आणि तेरा वर्षांच्या या मुलीवर धाकट्या तीन भावंडांचा भार पडला. पुढे तिने मुलांसाठी इंग्रजीत लिहिलेल्या वीस जातककथा १९३९ साली प्रसिद्ध झाल्या.

१९४० मध्ये फ्रान्स पडला. कुटुंब इंग्लंडला गेले व नूर विमानदलाच्या महिला विभागात बिनतारी संदेशांचे काम शिकली. अहिंसेच्या वातावरणात वाढलेल्या या कन्येस गुप्त संघटनेने निवडिले, तेव्हा काही प्रशिक्षकांनी ती भोळी असून या कामास अयोग्य असल्याचे शेरे मारले. शेऱ्यांवरून माणूस पारखणाऱ्या आमच्या व्यवसायबंधूंनी हे अवश्य ध्यानी घ्यावे.

जून १९४३ मध्ये ती रात्रीच्या विमानाने फ्रान्समध्ये उतरली. बिनतारी यंत्र घेऊन तेथे पाठविलेली ती पहिलीच स्त्री. थोड्याच दिवसांत पॅरिसमधील तिचे बहुतेक सहकारी पकडले गेले. लंडनने परत बोलाविले असता तिने नकार दिला, कारण ती निघती तर तेथील दुवाच तुटता. जर्मनांच्या गाड्या लहरींचा माग काढीत हिंडत. म्हणून पेटीएवढे जड यंत्र घेऊन ती घरे बदलीत राहिली. सुमारे चार महिने हे चालले. आमच्या मते तिचा खरा पराक्रम हाच. तिच्या मृत्यूची कथा सांगणारे लोक याची वार्ता थोडक्यात आटोपतात.

ऑक्टोबरमध्ये फितुरीने ती पकडली गेली. पाठविलेल्या संदेशांची वही तिने जपून ठेवली होती, ती शत्रूच्या हाती लागली. ही चूक होय, ती झाकण्याचे कारण नाही. परंतु जर्मन तिच्या नावाने संदेश पाठवीत असता ते खरे मानणाऱ्या लंडनच्या अधिकाऱ्यांचा दोष त्याहून मोठा. त्यापायी आणखी हेर थेट शत्रूच्या हाती पडले. तिने दोनदा पलायनाचा यत्न केला. पुन्हा पळणार नाही असे लिहून देण्यास नकार दिल्यावर तिला जर्मनीतील फॉर्झहाइमच्या तुरुंगात हातीपायी बेड्या घालून सुमारे दहा महिने ठेविले. तिने कोणाचेही नाव सांगितले नाही.

१३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाउ छळछावणीत तिला गोळी घालण्यात आली. तिच्यासमवेत योलांद बीकमन, मादलेन दामेरमां व एलियान प्लूमन या तिच्याच संघटनेच्या तिघी होत्या. ब्रिटनने १९४९ साली नूरला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस दिला. लंडनच्या गॉर्डन स्क्वेअरमध्ये तिचा अर्धपुतळा बसविण्यास मात्र २०१२ साल उजाडावे लागले.