सात जणींचा मोर्चा

मोर्चा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दसरा चौक किंवा बिंदू चौक येतो. हजारोंची गर्दी, झेंडे, घोषणा आणि तासभर अडकलेल्या के.एम.टी.च्या बसेस! चार-पाचशे माणसं असली तर पेपरात आतल्या पानावर दोन ओळी. मग फक्त सात बायकांच्या मोर्चाची आठवण जवळजवळ साठ वर्षं कशी टिकते? या प्रश्नाच्या मागे लागलो आणि हमीद दलवाई या विलक्षण माणसाची ओळख झाली.

दलवाईंचा जन्म २९ सप्टेंबर १९३२ चा, चिपळूणजवळच्या मिरजोळी गावचा. घर कोकणी मुसलमानाचं. तरुण वयात ते राष्ट्र सेवा दलात रमले, पुढे समाजवादी चळवळीत आले. मुंबईत आचार्य अत्र्यांच्या ‘मराठा’ दैनिकात त्यांनी पत्रकारी केली. कथा सुंदर लिहायचे, ‘इंधन’ ही त्यांची कादंबरी गाजली. लेखक म्हणून निवांत नाव मिळवता आलं असतं. पण आपल्या समाजातल्या बायकांचे हाल पाहून त्यांना स्वस्थ बसवेना. नवऱ्याने तीनदा ‘तलाक’ म्हटलं की संसार संपला! ना कोर्ट, ना कारण, ना पोटगीची खात्री. पोरं कडेवर घेऊन बाई माहेरच्या दारात उभी.

दलवाईंचं म्हणणं साधं होतं. ही बाई आधी भारताची नागरिक आहे. राज्यघटनेने दिलेला समान हक्क तिला मिळालाच पाहिजे. आणि हा हक्क कायद्याने मिळायचा, म्हणून मागणी कायदे करणाऱ्यांच्या दारात न्यायला हवी.

१८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत विधिमंडळावर सात मुस्लिम महिलांचा मोर्चा गेला. दलवाईंच्या पत्नी मेहरुन्निसा त्यांत होत्या. तोंडी तलाक बंद करा, बहुपत्नीत्वाला बंदी घाला, सर्वांना समान नागरी कायदा आणा, अशा मागण्यांचं निवेदन मुख्यमंत्री वसंतराव नाईकांना दिलं गेलं. आपल्या हॉस्टेलवर पाण्याची तक्रार करायची झाली तरी आपण पन्नास सह्या जमवतो. इथे घरचे, शेजारचे, मोहल्ल्यातले काय म्हणतील याची पर्वा न करता सात जणी भर रस्त्यावर उतरल्या होत्या. मला तरी ही हिंमत हजारोंच्या गर्दीपेक्षा मोठी वाटते.

२२ मार्च १९७० ला पुण्यात दलवाईंनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. नाव अर्थातच महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजावरून. परिषदा, सभा, तलाकपीडित महिलांच्या भेटी असं काम सुरू झालं. विरोधही तेवढाच! सभा उधळल्या जात. मुस्लिम कट्टरपणावर ते तुटून पडत आणि हिंदू जातीयवाद्यांनाही सोडत नसत. त्यामुळे दोन्हीकडून शिव्या ठरलेल्या. पण दोन समाजांत खरी शांतता हवी असेल तर प्रत्येकाने आधी आपलं घर झाडायला हवं, हा त्यांचा आग्रह शेवटपर्यंत सुटला नाही.

शरीराने मात्र साथ सोडली. मूत्रपिंडं निकामी झाली, आणि ३ मे १९७७ रोजी वयाच्या ४४ व्या वर्षी ते गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे कोणताही धर्मविधी न करता विद्युतदाहिनीत अंत्यसंस्कार झाले.

आता आपल्या गावाचा संबंध. शाहू महाराजांनी १९०६ मध्ये मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी संस्था काढली, बोर्डिंग उभं केलं. त्याच कोल्हापुरातून १९८५ मध्ये मंडळाचा ‘तलाक मुक्ती मोर्चा’ नागपूरकडे निघाला. दलवाई जाऊन आठ वर्षं झाली होती, पण कार्यकर्ते थांबले नव्हते. त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने शाहबानो या वृद्ध महिलेला पोटगी मंजूर केली होती आणि त्यावरून देशभर वादळ उठलं होतं. मोर्चाला वाटेत विरोध झाला. आणि १९८६ मध्ये संसदेने वेगळाच कायदा करून त्या निकालाची धार बोथट केली. म्हणजे लोकप्रतिनिधींनी डोकी मोजली आणि सात जणी हरल्या, असंच तेव्हा वाटलं असणार.

पण गोष्ट तिथे संपली नाही. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सुप्रीम कोर्टाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्दबातल ठरवला. पहिल्या मोर्चानंतर ५१ वर्षांनी! २०१९ मध्ये कायदाही आला. त्यातल्या तीन वर्षांपर्यंतच्या कैदेच्या तरतुदीवर मतभेद आहेत. नवरा तुरुंगात गेल्यावर पोटगी देणार कोण, हा प्रश्न मलाही पटतो. त्या निवेदनातल्या बाकीच्या मागण्यांवर तर देशात अजून वादच चालू आहे.

आपण इंजिनिअरिंगवाले. एका सेमिस्टरमध्ये प्रोजेक्ट, रिपोर्ट, व्हायवा सगळं उरकायची आपल्याला सवय. समाजाचा प्रोजेक्ट मात्र एका आयुष्यातही पुरा होत नाही. दलवाईंना निकाल बघायला मिळाला नाही, तरी त्यांनी अर्ज मात्र वेळेत भरून ठेवला होता. आपल्याला एखादी गोष्ट चुकीची वाटते, पण सोबतीला माणसं नाहीत, म्हणून आपण गप्प बसतो. तेव्हा एवढंच आठवू या, की सात जणी पुरल्या होत्या.