लेडी हेन्री सॉमरसेट

इझाबेला कॅरोलाइन सॉमरसेट तथा लेडी हेन्री सॉमरसेट (३ ऑगस्ट, १८५१ – १२ मार्च, १९२१) या ब्रिटिश समाजसुधारक व मद्यपानविरोधी चळवळीच्या नेत्या होत्या. १८९० ते १९०३ या काळात त्या ब्रिटिश विमेन्स टेंपरन्स असोसिएशन या संघटनेच्या अध्यक्ष होत्या. इंग्लंडमधील सरे परगण्यात, राइगेट गावाजवळ डक्सहर्स्ट येथे त्यांनी मद्यासक्त स्त्रियांसाठी वसाहत स्थापन केली. त्या काळी बालसंरक्षण आणि व्यसनोपचार यांचे कायदे, संस्था आणि कार्यकर्ते बहुतांशी वेगवेगळे होते. ही दोन्ही कामे एका आवारात आणण्याचा आरंभीचा प्रयत्न म्हणून डक्सहर्स्ट महत्त्वाचे ठरते.

त्यांचे पती लॉर्ड हेन्री सॉमरसेट हे ड्यूकचे धाकटे पुत्र असल्यामुळे इंग्रज सरदारघराण्यांच्या रीतीप्रमाणे त्या पतीच्या पहिल्या नावाने, म्हणजे लेडी हेन्री म्हणून ओळखल्या जात.

पूर्वायुष्य आणि मुलाचा ताबा

इझाबेला यांचा जन्म लंडनमध्ये झाला. त्या तिसरे अर्ल सॉमर्स यांच्या ज्येष्ठ कन्या होत. त्यांच्या आई व्हर्जिनिया पॅटल या बंगालमधील कंपनी सरकारच्या नोकरीतील इंग्रज कुटुंबातल्या होत्या. छायाचित्रकार ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या व्हर्जिनिया यांच्या थोरल्या भगिनी. १८७२ मध्ये इझाबेला यांचा विवाह ब्यूफोर्टच्या आठव्या ड्यूकचे पुत्र लॉर्ड हेन्री यांच्याशी झाला. १८७४ मध्ये त्यांना मुलगा झाला.

हा विवाह टिकला नाही. पतीचा ओढा पुरुषांकडे असल्याचे लक्षात आल्यावर इझाबेला मुलासह माहेरी आल्या आणि मुलाच्या ताब्याचा वाद न्यायालयात गेला. मुलांवर पित्याचाच अधिकार ही इंग्लिश कायद्यातील जुनी धारणा होती. १८३९च्या कायद्याने सात वर्षांखालील मुलांच्या ताब्यासाठी मातेला दाद मागण्याची मुभा मिळाली आणि १८७३च्या कायद्याने ही वयोमर्यादा सोळा वर्षांपर्यंत वाढवली. १८७८ मध्ये निकाल इझाबेला यांच्या बाजूने लागला. लॉर्ड हेन्री इटलीत जाऊन राहिले. घटस्फोट मात्र झाला नाही. धार्मिक श्रद्धेमुळे इझाबेला यांनी तो मागितला नाही.

खटला जिंकूनही उच्चभ्रू समाजाने दोष त्यांनाच दिला. पतीचे दुर्वर्तन निमूटपणे सोसण्याऐवजी त्यांनी ते चव्हाट्यावर आणले, हा त्यांचा अपराध मानला गेला आणि अनेक घरांची दारे त्यांच्यासाठी बंद झाली. पुढे ज्या स्त्रियांमध्ये त्यांनी काम केले, त्यांपैकी अनेकींची मुले न्यायालयाच्या आदेशाने दुरावलेली होती. अर्थात, इझाबेला यांच्याजवळ वकील होते, पैसा होता आणि पाठीशी उभे राहणारे माहेर होते. त्या स्त्रियांजवळ यांतले काहीच नव्हते.

मद्यपानविरोधी चळवळ

१८८३ मध्ये वडिलांच्या मृत्यूनंतर हेरफर्डशायरमधील ईस्टनर कॅसल, राइगेट प्रायरी आणि लंडनच्या सॉमर्स टाउन भागातील मालमत्ता त्यांच्याकडे आली. या मालमत्तेत गरिबांची दाट वस्तीही होती. कुळांच्या आणि भाडेकरूंच्या घरांत त्यांनी दारूचे परिणाम जवळून पाहिले. ईस्टनर येथे कुळांना मद्यत्यागाची प्रतिज्ञा घ्यायला सांगण्यापूर्वी त्यांनी ती स्वतः घेतली.

१८९० मध्ये त्या ब्रिटिश विमेन्स टेंपरन्स असोसिएशनच्या अध्यक्ष झाल्या. पुढील वर्षी अमेरिकेत त्यांची फ्रान्सेस विलर्ड यांच्याशी भेट होऊन निकटची मैत्री जुळली. विलर्ड यांच्या जागतिक संघटनेशी पंडिता रमाबाईंचाही १८८६–८८ मधील अमेरिकेच्या वास्तव्यात संबंध आला होता. दारूचा प्रश्न स्त्रियांचा मताधिकार, मजुरी, घरे अशा इतर प्रश्नांपासून तोडता येत नाही, हे विलर्ड यांचे मत लेडी हेन्री यांनी स्वीकारले. केवळ मद्यत्यागापुरते काम मर्यादित ठेवू पाहणाऱ्या सदस्यांना ते मान्य नव्हते. १८९३ मध्ये संघटना फुटली व विरोधकांनी वेगळी संघटना काढली.

दोन कायदे, दोन वाटा

१८७९च्या कायद्याने सराईत मद्यप्यांसाठी परवानाधारक आश्रयगृहांची सोय केली होती. तेथे दाखल होणे स्वेच्छेवर अवलंबून होते आणि खर्च रुग्णाने करायचा होता. त्यामुळे गरीब स्त्रियांना त्याचा उपयोग नव्हता. दुसऱ्या बाजूला लंडनमध्ये १८८४ साली स्थापन झालेली आणि १८८९ पासून राष्ट्रीय झालेली बालक्रूरता प्रतिबंधक संस्था घराघरांत निरीक्षक पाठवीत होती. १८८९च्या बालसंरक्षण कायद्याने मुलाला क्रूर पालकाकडून काढून घेता येऊ लागले. परंतु मूल काढून घेतल्यावर आईचे काय, याचे उत्तर बहुधा तुरुंग हेच असे. शिक्षा भोगून ती बाहेर येई, पुन्हा पिऊ लागे आणि पुन्हा न्यायालयात उभी राही.

१८९४च्या दुरुस्तीने या दोन वाटा प्रथमच जोडल्या. मुलाशी क्रूरतेने वागल्याबद्दल दोषी ठरलेला पालक सराईत मद्यपी असल्यास, त्याच्या संमतीने, त्याला तुरुंगाऐवजी आश्रयगृहात ठेवण्याचा आदेश न्यायालय देऊ शकत असे. १८९८च्या कायद्याने आणखी पुढचे पाऊल टाकले. दारू कारणीभूत असलेल्या गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्या, तसेच वर्षभरात वारंवार दारूच्या गुन्ह्यात सापडलेल्या व्यक्तीला तीन वर्षांपर्यंत सुधारगृहात पाठवता येऊ लागले. या कायद्याखाली पाठवलेल्यांत बहुसंख्य स्त्रियाच होत्या आणि पहिल्या प्रकारातील अनेकींवर मुलांच्या हेळसांडीचा आरोप होता. बाप पीत असला तरी घरातील आबाळीचा जाब आईलाच विचारला जाई. कायदा कागदावर उभयतांना लागू असूनही प्रत्यक्षात तो आयांचा कायदा झाला.

डक्सहर्स्ट

डक्सहर्स्टची वसाहत १८९५ मध्ये सुरू झाली. त्या काळच्या सुधारगृहांच्या मोठ्या बराकींऐवजी येथे हिरवळीभोवती लहान घरे बांधली होती आणि प्रत्येक घरात मोजक्या स्त्रिया एका देखरेख करणाऱ्या बाईंसह राहत. बागकाम, विणकाम, मोकळी हवा, सकस आहार, प्रार्थना आणि पूर्ण मद्यवर्ज्य हा उपचाराचा गाभा होता. महिना-दोन महिन्यांत व्यसन सुटत नाही, म्हणून दीर्घ वास्तव्याचा आग्रह धरला जाई. डॉक्टरांपैकी काही जण मद्यासक्तीला रोग मानू लागले होते, तर धर्मोपदेशक तिला पाप म्हणत होते. लेडी हेन्री यांनी या वादात एक बाजू घेतली नाही. शरीर सावरल्याशिवाय मन सावरत नाही आणि मनाला आधार मिळाल्याशिवाय शरीराचा उपाय टिकत नाही, अशी त्यांची कामाची रीत होती.

वसाहतीतच मुलांसाठी द नेस्ट नावाचे घर होते. हे घर उपचारापासून वेगळे काढलेले अनाथगृह नव्हते. मुलांच्या सहवासाने स्त्रियांना बरे होण्याचे कारण मिळते, अशी लेडी हेन्री यांची धारणा होती आणि मुलांचा वावर त्यांनी जाणीवपूर्वक वसाहतीच्या दिनक्रमात आणला. इतरत्र आई सुधारगृहात गेली की मुले कार्यगृहात, औद्योगिक शाळेत किंवा एखाद्या धर्मादाय संस्थेत जात. आई सुटून येईपर्यंत ती कोठे आहेत याची दखल घेण्याची जबाबदारी कोणा एकाची नसे. १८९८च्या कायद्यानंतर डक्सहर्स्टला काही काळ प्रमाणित सुधारगृहाचा दर्जा मिळाला व न्यायालयाने पाठवलेल्या स्त्रियाही येथे आल्या.

या वसाहतीतही वर्गभेद होताच. पैसे भरू शकणाऱ्या उच्चवर्गीय स्त्रियांची सोय मुख्य वाड्यात होती, गरीब स्त्रियांची लहान घरांत. सर्वच प्रयत्न यशस्वी झाले नाहीत. दारूच्या गुन्ह्यांत अडीचशेहून अधिक वेळा शिक्षा झाल्यामुळे वृत्तपत्रांतून गाजलेल्या जेन केकब्रेड यांना लेडी हेन्री यांनी आपल्या आश्रयाला आणले. काही महिन्यांतच त्या आवरेनाशा झाल्या. पुढे त्यांना मनोरुग्णालयात ठेवण्यात आले आणि १८९८ मध्ये त्यांचे निधन झाले. व्यसन आणि मनोविकार यांतला भेद न करता सर्वांना एकाच न्यायालयातून फिरवणाऱ्या व्यवस्थेचे हे उदाहरण त्या काळी बरेच चर्चिले गेले.

भारतविषयक वाद

१८९७ मध्ये भारतातील लष्करी छावण्यांमधील वेश्याव्यवसायावर सरकारी नियंत्रण असावे, या योजनेला त्यांनी पाठिंबा दिला. नियंत्रण स्त्रियांइतकेच पुरुषांवरही असावे, अशी त्यांची अट होती. तरीही जोसेफीन बटलर आणि चळवळीतील अनेक सहकारी स्त्रियांनी त्यांच्यावर कडाडून टीका केली. पुढील वर्षी त्यांनी हा पाठिंबा मागे घेतला. इंग्लंडमधील गरीब स्त्रीची बाजू समजून घेणाऱ्या लेडी हेन्री यांनी छावणीतील भारतीय स्त्रीचा विचार त्याच बारकाईने केला नव्हता, असे म्हणावे लागते.

उत्तरायुष्य

१८९८ मध्ये विलर्ड यांच्या निधनानंतर जागतिक संघटनेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले व १९०६ पर्यंत राहिले. ब्रिटिश संघटनेचे अध्यक्षपद त्यांनी १९०३ मध्येच सोडले होते. त्यानंतरचा त्यांचा बहुतेक वेळ डक्सहर्स्टमध्ये गेला. १९१३ मध्ये लंडनच्या ईव्हनिंग न्यूजने पहिली स्त्री पंतप्रधान कोण असावी असे वाचकांना विचारले, तेव्हा सर्वाधिक पसंती त्यांना मिळाली. त्या वेळी ब्रिटनमध्ये स्त्रियांना संसदेसाठी मतदानाचाही हक्क नव्हता.

दरम्यान सुधारगृहांचा खर्च सरकारने करावा की स्थानिक मंडळांनी, हा वाद मिटला नाही आणि एकेक सुधारगृह बंद होत गेले. १२ मार्च, १९२१ रोजी लंडनमध्ये लेडी हेन्री यांचे निधन झाले. त्याच वर्षापर्यंत १८९८च्या कायद्याखालची सर्व सुधारगृहे बंद झालेली होती. ज्या मुलाच्या ताब्यासाठी त्या न्यायालयात गेल्या होत्या, त्याचे नातू डेव्हिड सॉमरसेट १९८४ मध्ये ब्यूफोर्टचे अकरावे ड्यूक झाले.